‘व्यर्थ’ या शब्दाविषयी

निर्गम २०:७ येथील आज्ञा मराठी ख्रिस्ती घरांत मुलांनाही पाठ असते. परंतु तिचा विचार बहुधा ‘व्यर्थ’ या शब्दाशी येऊन थांबतो. हिंदी भाषांतरातही हाच शब्द आहे. त्यामुळे २०२३ साली छिंदवाड्यातून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात, पांढुर्णा व सौंसर येथे, घरी मराठी व कचेरीत हिंदी वापरणाऱ्या वाचकास दुसऱ्या भाषेकडे वळूनही अधिक प्रकाश मिळत नाही. ‘व्यर्थ’ म्हणजे उगाच, असे समजून तो येता-जाता ‘अरे देवा’ म्हणण्याचे टाळतो व आज्ञा पाळली असे मानतो.

आमच्या मते हा अर्थ चुकीचा नसला तरी अपुरा आहे. मूळ इब्री ‘शाव’ या शब्दात पोकळपणाबरोबर खोटेपणाही येतो; अनुवाद ५:२० मध्ये खोट्या साक्षीसंबंधी तोच शब्द योजिला आहे. क्रियापदाचा मूळ अर्थही उचलणे, वाहणे असा आहे. तेव्हा देवाचे नाव किती वेळा उच्चारले, एवढाच प्रश्न नाही. ते उचलून आपण कशावर ठेवले, हा खरा प्रश्न आहे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर पांढुर्णा व सावरगाव यांची गोटमार होते. नदीत रोवलेल्या पळसावरील झेंड्यासाठी दगड चालतात, शेकडो जखमी होतात, आजवर काहींचे प्राणही गेले आहेत. शेवटी झेंडा चंडीमातेच्या मंदिरात नेला जातो. तेथे देवीचे नाव कोणी उगाच घेत नाही, श्रद्धेनेच घेतो. पवित्र नाव मनोभावे घेतले, म्हणून त्याखाली घडलेले सर्व पवित्र होते काय? हा प्रश्न शेजाऱ्यांना विचारण्यापूर्वी आम्ही स्वतःस विचारला पाहिजे.

न्यायालयात ‘ईश्वरसाक्ष’ शपथ घेऊन भावाच्या शेताच्या बांधाविषयी खोटे सांगणारा ख्रिस्ती मनुष्य देवाचे नाव थट्टेने घेत नाही. तो ते अत्यंत गंभीरपणे घेतो, आणि म्हणूनच त्याचा आज्ञाभंग अधिक मोठा ठरतो. १९६९ च्या शपथ कायद्याने शपथेऐवजी दृढकथनाची मुभा दिली आहे. पण देवाचे नाव वगळल्याने खोटे खरे होत नाही. मत्तय ५:३७ चा रोखही साध्या, खऱ्या बोलण्याकडेच आहे.

‘व्यर्थ’ हा रूढ शब्द काढून टाकावा, असे आमचे म्हणणे नाही. मात्र धर्मशिक्षण देताना त्याच्याजवळ ‘खोट्यासाठी’ हा अर्थ अवश्य ठेवावा. नाहीतर मुले जीभ सांभाळावयास शिकतील आणि साक्ष सांभाळणे राहून जाईल.