लघुग्रहाची बातमी आणि शाळेचा परिपाठ

मुरगूडच्या एका माध्यमिक शाळेतील शिक्षकांनी परिपाठात वाचून दाखविलेल्या खगोलशास्त्रीय बातम्यांची कात्रणे आम्हांला पाठविली आणि यांतले वर्गात काय सांगावे, असे विचारले. या बातम्यांत चुकीची माहिती फारशी नाही. पण निरीक्षण कसे होते, हेच त्यांतून गळाले आहे.

'२०२० क्यूजी'चेच घ्या. १६ ऑगस्ट २०२० रोजी हा लघुग्रह हिंदी महासागरावरून, पृष्ठभागापासून सुमारे २,९५० किलोमीटर अंतरावरून गेला. पालोमार वेधशाळेतील झ्विकी सर्वेक्षणाच्या प्रतिमांत तो मुंबईच्या आय.आय.टी.तील कुणाल देशमुख व क्रिती शर्मा या विद्यार्थ्यांना सापडला. 'पृथ्वी थोडक्यात बचावली' या थाटाचा मथळा मात्र आम्हांला पटत नाही. तीन ते सहा मीटरचा दगड वातावरणातच फुटतो. महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे: तो दिसला तेव्हा जवळून निघून जाऊन त्याला सहा तास झाले होते! त्याचे नावही फळ्यावर उलगडून दाखविण्याजोगे आहे. 'क्यू' म्हणजे ऑगस्टचा उत्तरार्ध आणि 'जी' म्हणजे त्या पंधरवड्यातील सातवी नोंद.

'२०२४ वायआर४'बाबत अधिक गोंधळ झाला. २०३२ मध्ये तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता फेब्रुवारी २०२५ मध्ये वाढत वाढत ३.१ टक्क्यांवर गेली आणि आठवडाभरात नगण्य झाली. 'शास्त्रज्ञांचे घूमजाव' असे यावर कोणी म्हणेल. समजा, निपाणीची एस.टी. दोन ते तीनच्या दरम्यान केव्हाही येणार आहे. ती अडीच ते दोन पस्तीस या पाच मिनिटांत येण्याची शक्यता बारात एक. नंतर कळले की ती सव्वादोन ते पावणेतीनमध्येच येणार. आता तीच शक्यता सहात एक. गाडीने काही केलेले नाही, आपले अज्ञान निम्मे झाले. पुढे 'अडीचच्या आत येते' असे समजताच शक्यता शून्य. लघुग्रहाच्या कक्षेचेही असेच असते. एवढा परिच्छेद बातमीत बसू नये?

शालेय लघुग्रह-शोध मोहिमांच्या बातम्यांवर आमचा राग जास्त आहे, कारण तिथे मुलांची फसगत होते. आकाशाच्या एकाच भागाच्या चार प्रतिमांत सरकणारा ठिपका मुले हुडकतात. मुरगूडसारख्या गावातही संगणकावर करता येईल असे हे चांगले काम आहे. पण ती असते प्राथमिक नोंद. पुन्हा वेध मिळाल्यावर तात्पुरता क्रमांक आणि कक्षा पक्की होऊन कायमचा क्रमांक मिळायला कित्येक वर्षे लागतात. प्रमाणपत्र हाती पडताच 'विद्यार्थ्याने लघुग्रह शोधला' असे छापले, की पुढची वर्षे त्या मुलाला कोणी सांगतच नाही.

अतिनवताऱ्याचे कात्रण एकच आहे. २१ जानेवारी २०१४ रोजी लंडनमध्ये स्टीव्ह फॉसी विद्यार्थ्यांना दुर्बीण शिकवीत असताना एम-८२ या दीर्घिकेत त्यांना नवा तारा दिसला. स्फोट झाला होता सव्वा कोट वर्षांपूर्वीच्या सुमारास. बातमीत तो 'नुकताच' झाला आहे. ढग दाटून येत होते, हा योगायोग बातमीदाराने रंगवून सांगितला आहे. गाळले आहे ते पुढचे. त्यांनी आधी जुनी छायाचित्रे ताडून पाहिली, यंत्राचा दोष नसेल ना म्हणून घाईघाईने दुसरी दुर्बीण वळविली, आणि तिच्यातही तो ठिपका दिसल्यावरच शोध कळविला.