साम्राज्याचा हेडक्लार्क

परीक्षण लिहिणाऱ्यानं आधी आपली लायकी सांगावी, असा एक नियम असायला हवा. माझी सांगतो. बी. कॉम., दुसरा वर्ग. बँकेच्या काउंटरवर बावीस वर्षं. आणि अंतराळाशी संबंध म्हणाल तर उन्हाळ्यात गच्चीवर गादी टाकतो तेवढाच. अशा माणसानं 'स्टार वॉर्स'वर लिहायचं म्हणजे रंकाळ्यातल्या म्हशीनं समुद्राविषयी मत द्यायचं. पण दिवाळीच्या सुट्टीत चिरंजीवांनी मला सोफ्यावर बसवून ते सगळे सिनेमे एकापाठोपाठ दाखवले. सौ. पहिल्याच सिनेमात उठली. "तो काळ्या कपड्यातला माणूस दमेकरी आहे का हो?" एवढं विचारून ती चकल्या तळायला गेली ती गेलीच. मी मात्र बसून राहिलो. कारण अर्ध्या तासातच माझ्या ध्यानात आलं की यात अंतराळ वगैरे नावालाच आहे. हे ऑफिस आहे.

पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जॉर्ज ल्युकस यांचा पहिला सिनेमा १९७७ सालचा. एका आकाशगंगेवर एका सम्राटाचं राज्य असतं. त्याच्या हाताखाली सौ.ने ओळखलेला दमेकरी, म्हणजे डार्थ व्हेडर, आणि टार्किन नावाचे एक गालफडं बसलेले साहेब. या मंडळींनी चंद्राएवढं एक शस्त्र बांधलंय, त्याचं नाव डेथ स्टार. कळ दाबली की समोरच्या ग्रहाचं भुस्काट. यातली नायकमंडळी, त्यांच्या तलवारी, लढाया सगळं झकास आहे, त्याबद्दल तक्रार नाही. मी पाहत होतो त्या मीटिंगकडे.

मीटिंग डेथ स्टारवरच भरते. सम्राटांनी सिनेट बरखास्त केल्याची खबर टार्किनसाहेब देतात. तेव्हा एक जनरल विचारतो की अहो, मग नोकरशाहीशिवाय एवढं राज्य ताब्यात राहणार कसं? मी ताठ बसलो. अख्ख्या आकाशगंगेत आमच्या बाजूनं बोलणारा एक तरी निघाला! त्यावर टार्किनसाहेबांचं म्हणणं असं की आता सुभेदार परस्पर कारभार बघतील, आणि लोकांना वठणीवर ठेवायला या शस्त्राची भीती पुरेशी आहे. म्हणजे कारकून नको, फायली नकोत, कुणाची निष्ठाही नको. एक मोठी तोफ आणली की बाकीची आस्थापना बंद! याच मीटिंगमध्ये एक अॅडमिरल व्हेडरच्या श्रद्धेची टिंगल करतो आणि व्हेडर लांबूनच दोन बोटं जुळवून त्याचा गळा आवळतो. बाकीचे टेबलाभोवती बसून असतात. कसे बसतात ते दिग्दर्शकानं फार बारकाईनं दाखवलेलं नाही. दाखवायची गरजही नव्हती. मला ठाऊक आहे कसे बसतात ते.

माझ्या मते या सगळ्यात उत्तम सिनेमा १९८० चा, 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'. त्यात बढतीचा एक प्रसंग आहे. ओझेल नावाच्या अॅडमिरलच्या हातून चूक होते. व्हेडर पडद्यावरून त्याचा गळा दाबतो आणि त्याच वेळी शेजारी उभ्या असलेल्या कॅप्टन पिएटला पुढच्या सूचना देतो. सूचना संपतात, ओझेल कोसळतो, पिएट अॅडमिरल होतो. ना इंटरव्ह्यू, ना सीनियॉरिटी लिस्ट, ना युनियनची हरकत. पिएटचा चेहरा बघण्यासारखा आहे. बढती झालेल्या माणसाच्या चेहऱ्यावर पेढे मागावेत असं काही नसतं. पुढं नीडा नावाचा आणखी एक कॅप्टन चूक कबूल करायला आपण होऊन जातो आणि तोही मरतो. तेव्हापासून त्या आरमारात खरी बातमी वर कळवायची कुणाची छाती होईल? पहिल्या सिनेमात शस्त्राला खरोखर धोका आहे असं एक अधिकारी टार्किनसाहेबांच्या कानावर घालतो, तेव्हा साहेब त्याला उडवून लावतात आणि थोड्याच वेळात स्वतः उडून जातात.

इथं पिएटविषयी बोलतो तर माझंही सांगून टाकलं पाहिजे. पंधराएक वर्षं झाली. शाखेचं नाव सांगत नाही. आमच्या साहेबांनी टार्गेटच्या घाईत एका व्यापाऱ्याला जुन्याच मालाच्या यादीवर कर्ज वाढवून दिलं. इन्स्पेक्शन आलं. व्हाउचरवर सही होती आमच्या अण्णांची. अण्णा म्हणजे शाखेतले सर्वांत जुने कारकून, मला कॅश मोजायला त्यांनी शिकवलेलं. साहेबांनी सगळ्यांदेखत मला विचारलं, "तुम्ही होता ना तिथं? कागद अण्णांनीच पुढं केले ना?" कागद साहेबांनीच मागवले होते, मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मी समोरच्या कॅलेंडरकडे बघितलं. त्यावर त्या महिन्यात अंबाबाईचं चित्र होतं. मी म्हटलं, "असेल, साहेब." दोन शब्द. अण्णांची बदली विदर्भाच्या पार पलीकडच्या टोकाला झाली आणि पुढच्या सोमवारी मी त्यांच्या खुर्चीवर बसलो. खुर्चीवर त्यांच्या घरून आलेली गोधडीच्या कापडाची उशी होती, ती तशीच राहिली होती.

असो. मुद्दा मोठ्या तोफेचा होता.

आमच्याकडे घणाघाती वक्त्याला मुलूखमैदान तोफ म्हणतात, आणि निवडणुका आल्या की कोल्हापुरात अशा तोफा पेठेपेठेत धडधडतात. खरी तोफ विजापुरात आहे (गावाचं नाव २०१४ पासून विजयपुरा). ती ओतली १५४९ साली अहमदनगरात, निजामशाहीसाठी. वजन पंचावन्न टनांच्या आसपास. तोंड सिंहाच्या जबड्याचं आणि त्या जबड्यात चिरडला जाणारा हत्ती. पुढं ती परांड्याला होती, तिथून १६३२ मध्ये विजापुरास आली. बत्ती दिली की गोलंदाज कान वाचवायला शेजारच्या हौदात उडी घेत, असं सांगतात. म्हणजे शत्रूच्या आधी आपलाच माणूस बुडवणारं शस्त्र! बुरुजावर एवढी तोफ असताना १६८६ मध्ये औरंगजेबानं विजापूर घेतलं ते घेतलंच, वर त्याच तोफेवर आपल्या विजयाचा लेख कोरवला. तोफ काही बोलली नाही. निजामशहाची होती, आदिलशहाची झाली, मग मोगलांची. तिची सीआर कायम स्वच्छ. आणि १८५४ साली इंग्रज अमलात तिला मोडीत काढून लिलाव पुकारला तेव्हा सगळ्यांत मोठी बोली आली दीडशे रुपये. फारच कमी वाटली म्हणून लिलाव रद्द झाला, नाहीतर त्या सिंहाच्या जबड्याची आज घंगाळी झाली असती. तारणाची किंमत ठरवताना मला ही तोफ हटकून आठवते.

डेथ स्टारला ही अक्कल कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं. पहिला फुटला. १९८३ च्या सिनेमात दुसरा बांधला, तो सम्राटासकट फुटला, आणि सम्राटाला खाली फेकणारा कोण, तर खुद्द व्हेडर! २०१५ मध्ये नव्या मंडळींनी अख्खा ग्रह पोखरून तिसरा केला, तोही गेला. बुडीत खात्याला तिसऱ्यांदा कर्ज मंजूर करणारी बँक आकाशगंगेतही आहे, हे बघून मला घरच्यासारखं वाटलं. लेखकांचा आळस म्हणून टीकाकार याला नावं ठेवतात. मी ठेवत नाही. माणसांवर भरवसा उरला नाही की साहेब लोक असंच करतात. आणखी मोठं यंत्र मागवतात. २०१६ च्या 'रोग वन'मध्ये तर उघडच होतं की त्या शस्त्रातली खोट ज्याच्याकडून जबरदस्तीनं काम करून घेतलं त्या शास्त्रज्ञानंच मुद्दाम ठेवली होती. आधीच्या सिनेमातलं ते दोन मीटरचं भोक माणसाच्या मनातलं होतं. इतकी चांगली दुरुस्ती सिनेमावाल्यांच्या हातून क्वचित होते.

चिरंजीवांना हे सांगितलं ते पन्हाळ्यावर. रविवारी स्कूटरवरून गेलो होतो, वीस किलोमीटर तर अंतर. सोळाशे साठच्या मार्चपासून सिद्दी जौहरनं गडाला वेढा घातला होता. त्यात राजापूरच्या वखारीतले इंग्रज उखळी तोफा घेऊन आले आणि आपलं निशाण लावून गडावर गोळे टाकू लागले. भाड्यानं आणलेलं महाशस्त्र! गड काही त्यानं पडला नाही. जुलैच्या पावसात महाराज निसटले. त्यांच्या जागी पालखीत नेबापूरचा शिवा काशीद बसला, नाभिक, आणि आपण परत येणार नाही हे त्याला माहीत होतं. पुढं घोडखिंडीत बाजीप्रभू. यावर मी निराळं लिहिण्याची गरज नाही, कोल्हापुरात हे बाळंतविड्याबरोबर देतात. गड सप्टेंबरात आदिलशहाकडे गेला तो तहानं. मला त्या दिवशी प्रथमच विचार करावासा वाटला तो सिद्दी जौहरचा. चार महिने चिखलात उभा राहिलेला माणूस. आणि शेवटी त्याच्या बादशहाला काय वाटलं? यानं पैसे खाल्ले! संशय घेतला तो त्याच्यावरच. चिरंजीव म्हणाले, "बाबा, म्हणजे हा तुमचा पिएट."

तर या सिनेमांतली माझी मोठी तक्रार हीच आहे. ती माणसं साम्राज्यात नोकरीला का लागली, हे आपल्याला कुणी सांगत नाही. शिवा काशीद पालखीत का बसला ते शेंबडं पोरही सांगतं. डेथ स्टारवर हजारो माणसं नोकरीला असणार, त्यांच्याही घरी चकल्या तळल्या जात असतील. ती फुटतात, इकडे मेडलं वाटतात, वाजंत्री वाजते, संपलं. इतका मोठा पसारा आणि एक पगारपत्रक नाही!

ती कसर भरून निघाली 'अँडॉर' या मालिकेत. दोन भाग, २०२२ आणि २०२५. सगळ्यांनी बघावी अशी शिफारस करतो. तिच्यात सिरिल कार्न नावाचा एक तरुण आहे. मापं-मानकांच्या खात्यात ओळीनं टेबलं मांडलेली, त्यातल्या एका टेबलावर हा. आई सकाळ-संध्याकाळ टोमणे मारते, कॉलर नीट कर म्हणते. साम्राज्यावर याची निष्ठा अशी की आमच्या चेअरमनचीही बँकेवर नसेल. कॅसियन अँडॉर नावाच्या एका बंडखोराच्या मागं तो वर्षानुवर्षं लागतो. शेवटी घोरमन नावाच्या ग्रहावर त्याला कळतं की आपण हेरगिरीच्या नावाखाली केलेल्या इमानी कामामुळं इथं कत्तल होते आहे, आणि कत्तल कशासाठी, तर डेथ स्टारला लागणारं एक खनिज जमिनीखाली आहे म्हणून. अशात कॅसियन समोर येतो. दोघांची झोंबाझोंबी होते. सिरिल बंदूक रोखतो, आणि कॅसियन त्याला विचारतो की तू कोण? ज्याच्यापायी आयुष्य घालवलं त्याला आपण माहीतच नाही. सिरिलची बंदूक खाली येते आणि दुसऱ्याच कुणाची तरी गोळी त्याला लागते. मला तिथं पुढं बघवेना. चिरंजीवांना म्हटलं, थांबव जरा. पाणी प्यायला उठलो.

कारण गेल्याच वर्षी महाद्वार रोडवर आमचे ते साहेब भेटले होते. निवृत्त झालेत, हातात भाजीची पिशवी. मी पुढं होऊन नमस्कार केला. त्यांनी चष्मा वर केला, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "आपण?" मी नाव सांगितलं, शाखा सांगितली, वर्ष सांगितलं. "हां हां," म्हणाले, पण ओळखलं नव्हतं. मेथीच्या जुडीचा भाव मला विचारून निघून गेले.

मालिका संपली तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते. अण्णा आता गडहिंग्लजला असतात. नंबर होता, पंधरा वर्षांत लावला नव्हता. लावला. पलीकडून खोकल्याचा आवाज आला आणि "कोण?" मी नुसतं "अण्णा" म्हटलं.

"अरे, तू!" अण्णा म्हणाले. "इतक्या रात्री? घरी सगळं ठीक ना?"

मी म्हटलं, ठीक आहे. मग काय बोलायचं ते सुचेना. कॅलेंडरचं सांगायचं होतं, ते तोंडातून निघेना. अण्णांनीच विचारलं, "काय रे, ती उशी आहे का अजून खुर्चीवर?"

"आहे," म्हटलं. "खोळ बदलली दोनदा."

"मग कापूस पिंजून घे एकदा," अण्णा म्हणाले. "गोळे होतात."