हाकेचे काव्य : जात्यावरील ओवी आणि थेरी उब्बिरीची गाथा

बपेरा हे भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील, मध्यप्रदेशच्या सीमेवरचे गाव. अशा गावांतून जात्याची घरघर आता थांबली आहे. तिच्यासोबत हरवलेल्या लेकराची ओवीही लोपत आहे. शोक म्हणजे आसक्ती, तेव्हा अशा ओव्या धम्माला विसंगत, असे मत आपल्यातील काही जण मांडतात. आम्हांला ते मान्य नाही. त्याची तपासणी काव्याच्या अंगानेच व्हावयास हवी.

या ओवीचा पहिला अलंकार संबोधन होय. आई लेकराला हाक मारते. उत्तर येत नाही. म्हणून ती पुन्हा हाक मारते. पुनरुक्ती येथे सजावट नसून अनुत्तरित हाकेचा आकार आहे. दुसरे साधन वस्तूंचे : रिकामा पाळणा, न वापरलेले अंगडे. दुःखाचे नाव न घेता वस्तू दाखविली जाते आणि श्रोता उरलेले जाणतो.

आता थेरीगाथेकडे वळू. उब्बिरीच्या नावावर तीन गाथा आहेत. अट्ठकथेनुसार तिची लेक जीवा मरण पावली आणि ती स्मशानी जाऊन रडत असे. गाथेचा आरंभ याच हाकेपासून होतो; परंतु येथे हाकेची दिशा उलटते. लेकीला हाका मारणाऱ्या स्त्रीलाच तिच्या नावाने हाक येते आणि स्वतःला जाणण्यास सांगितले जाते. याच स्मशानात जीवा नावाच्या चौऱ्याऐंशी हजार जळाल्या. त्यांतील कोणासाठी शोक, असा प्रश्न येतो. 'जीवा' या नावातच 'जीव' आहे; श्लेषाने एक लेक सर्व जीवमात्र होते. संख्येची अतिशयोक्ती शोकाला हिणवीत नाही, रुंद करते. शेवटी हृदयात रुतलेले शल्य उपटल्याचे रूपक येते. शल्य होते, हे गाथा नाकारीत नाही.

मग ओवी अपुरी ठरते काय? आमच्या मते नाही. जात्याला बहुधा दोघी समोरासमोर बसतात. एकीची ओवी दुसरी उचलते. लेकराकडून न आलेले उत्तर शेजारणीकडून येते. किसा गोतमी मोहरीसाठी दारोदार फिरली तेव्हा तिला हेच कळले, की मृत्यू न शिवलेले घर नाही.

1956 च्या धर्मांतरानंतर ओव्यांत भीमराव आणि रमाई आल्या. रमाईंनी चार अपत्ये गमावली होती. म्हणून जात्यावरच्या बाईला त्या परक्या वाटल्या नाहीत. हेमा राईरकर व गी पॉइटव्हाँ यांनी महाराष्ट्रातील हजारो ओव्या संग्रहित केल्या, हे मोठे कार्य होय. आपल्या विहारांतील वृद्ध उपासिकांच्या ओव्याही उतरवून घ्याव्यात. उतरविताना मात्र केवळ शब्द लिहून भागणार नाही; ती ओवी कोणी उचलली, हेही नोंदले पाहिजे. हाकेला मिळालेले उत्तर तेथेच आहे.