नीतिविचाराचे व्याकरण : ताराबाई शिंदे आणि मुळशीच्या ओव्या

आधुनिक नीतिविचारावर स्त्री-तत्त्वज्ञांचा प्रभाव हा विषय निघाला म्हणजे ॲन्स्कम, मर्डॉक, गिलिगन ही नावे पुढे येतात, आणि ते योग्यच आहे. परंतु या नामावळीत मराठी स्त्रीचे नाव सहसा आढळत नाही. हे मौन कितपत समर्थनीय आहे, याचा भाषाभ्यासकाच्या दृष्टीने अल्पसा विचार येथे करावयाचा आहे.

एलिझाबेथ ॲन्स्कम यांनी १९५८ च्या आपल्या निबंधात एक मर्मग्राही आक्षेप घेतला. नियम घालून देणारा ईश्वर विचारातून वजा झाला, तरी नैतिक कर्तव्याची भाषा जुन्याच अधिकारवाणीने बोलत राहिली. म्हणून ती निराधार झाली, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे नीतीचा प्रश्न हा प्रथमतः शब्दांच्या वापराचा प्रश्न ठरतो. हीच दिशा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांच्या १८८२ च्या ‘स्त्रीपुरुषतुलना’ या ग्रंथात दिसते. १८८१ मध्ये विजयालक्ष्मी या विधवेस सुरत येथे अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती सौम्य करण्यात आली. तथापि त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून सरसकट स्त्रीजातीवर जे दोषारोप झाले, त्यांना उत्तर म्हणून हा ग्रंथ लिहिला गेला.

त्यातील युक्तिवाद केवळ संतापाचा नव्हे. ‘स्त्रीधर्म’ हा सामासिक शब्द ज्या सक्तीने वापरला जातो, त्या सक्तीचा प्रतिशब्द पुरुषाकरिता रूढ नाही. पतीने देवाप्रमाणे वागावे, हे बंधन न घालताच त्याला देव मानण्याची अपेक्षा केली जाते. पत्नी निवर्तल्यावर पुरुषानेही विधवेसारखे जिणे का पत्करू नये, हा ताराबाईंचा प्रश्न वरवर उपहासाचा वाटतो. वस्तुतः तो नियमाच्या सार्वत्रिकतेची कसोटी आहे. ॲन्स्कम यांना नियमकर्ता हरवलेला दिसला. ताराबाईंना तो वादातील एक पक्षकारच असल्याचे दिसले. ‘तुलना’ हा शब्द ग्रंथाच्या शीर्षकात असला, तरी ती त्याची विचारपद्धतीही आहे.

या विवेचनाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ताराबाईंनी पातिव्रत्याचा आदर्श मुळातून नाकारला नाही. त्याच्या एकतर्फीपणावर त्यांचा रोख आहे. शिवाय पुरुषजातीविषयीची त्यांची विधाने कधीकधी, ज्या सरसकटपणाचा त्या निषेध करतात, त्याच सरसकटपणाला पोहोचतात.

या लेखनाच्या शेजारी मुळशी तालुक्यातील जात्यावरच्या ओव्या ठेवून पाहणे उद्बोधक ठरते. हेमा राईरकर व गी प्वातव्हाँ यांनी सहकाऱ्यांसह येथील डोंगरी गावांपासून आरंभ करून गोळा केलेला संग्रह पुढे एक लाखाहून अधिक ओव्यांचा झाला. ताराबाईंचे ‘तुम्ही’ हे पुरुषवाचकाला उद्देशून आहे. ते आरोपपत्राचे सर्वनाम आहे. ओवीतील संबोधन बहुधा बाईला, आईला, सीतेला असते. ते साक्षीचे सर्वनाम आहे. सीतेचा वनवास गाताना गाणारी आपलाच सासुरवास सांगते, आणि रामाच्या वागणुकीचा न्याय करण्यास तिला शास्त्राधाराची गरज भासत नाही.

आयरिस मर्डॉक यांनी १९७० च्या आपल्या ग्रंथात दिलेले उदाहरण योगायोगाने सासूसुनेचेच आहे. सुनेकडे तुच्छतेने पाहणारी सासू, बाह्य वर्तनात काहीही बदल न करता, आपली दृष्टी हळूहळू न्याय्य करीत जाते. हे पाहणे हेच नैतिक कर्म, असा त्यांचा सिद्धांत. मुळशीची ओवी येथे दोन गोष्टींची भर घालते. पहिली, पाहणारी सूनही असू शकते, आणि तिच्यापाशी एकांत नसतो, पहाटेचे दळण असते. दुसरी, तिचे पाहणे मनात राहत नाही. खुंट्याला दुसरा हात लागलेला असला की ते त्या दुसरीच्या कानी पडते आणि तिच्या ओवीत पुढे चालते. अर्थात प्रत्येक ओवी बंडाची नव्हे. कुंकवाचे, भावाचे, लेकाचे कौतुक तीत विपुल आहे. बंडाच्या तेवढ्या ओव्या वेचणारा अभ्यासक गाणारीचे अर्धेच म्हणणे ऐकतो.

आता प्रभावाचा प्रश्न. गिलिगन यांचा नीतीतील ‘वेगळ्या आवाजा’विषयीचा ग्रंथ १९८२ मध्ये, ताराबाईंनंतर बरोबर शंभर वर्षांनी निघाला, पण सनावळीचे साम्य म्हणजे प्रभाव नव्हे. १८८५ मध्ये जोतीराव फुले यांनी ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेतली. त्यानंतर ग्रंथ जवळजवळ विस्मृतीत गेला, तो १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रकाशात आणीपर्यंत. ओव्यांचे तर गिरण्या आल्यावर गाण्याचे निमित्तच सरले. तेव्हा येथे अखंड प्रभावाचा दावा करणे अप्रामाणिकपणाचे होईल.

परंतु याच कारणास्तव प्रभाव ही एकमेव कसोटी मानता येत नाही. ज्यांचे म्हणणे वाचले जाऊ दिले गेले नाही, त्यांना प्रभाव नसल्याबद्दल अभ्यासक्रमाबाहेर ठेवणे म्हणजे एका अन्यायाला दुसऱ्याचे प्रमाण करणे होय. ताराबाईंचा ग्रंथ आपण समाजसुधारणेच्या इतिहासात वाचतो आणि ओवी लोकसाहित्यात. दोन्हींचा युक्तिवाद म्हणून एकदा नीतिशास्त्राच्या वर्गात विचार व्हावा. तो टिकतो की नाही, हे तेथे ठरेल. परीक्षेला बसण्याचा अधिकार मात्र त्यांना आधी दिला पाहिजे.