भिंगाखालची नथ

जुन्या दागिन्यांच्या पारख्यापुढे नथ ठेवली की घरच्यांचा पहिला प्रश्न किमतीचा असतो. पारखी मात्र त्या प्रश्नापर्यंत सर्वांत शेवटी पोहोचतो, कारण वाटेत त्याला थांबवणारे फार काही असते. आपणही घटकाभर त्याच्या शेजारी बसू, दहापटीचे भिंग डोळ्याशी धरू आणि मोत्यांनी मढलेली, मधोमध माणिक अन् पाचू मिरवणारी एक जुनी मराठी घाटाची नथ सावकाश न्याहाळू.

आधी मोती. इराणच्या आखातातल्या शिंपल्यांत वाढलेले, बसऱ्याच्या नावाने आपल्याकडे ओळखले गेलेले हे मोती मुंबईच्या बाजारात उतरत, तिथे पारखले आणि विंधले जात. यांतला एकही पुरता गोल नाही. कुणाच्या अंगावर फिकट पिवळी झाक, कुणावर गुलाबी, आणि तरीही सगळ्यांचे पाणी एकाच जातीचे, आतून उजळणारे. शिंपल्यातल्या जिवाने मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ पापुद्रे एकावर एक रचलेले असतात. प्रकाश त्या थरांत शिरतो आणि परतताना रंग लेवून येतो. आता भिंग मोत्याच्या वेजावर आणू. मोत्याचे मोल वजनावर ठरे, म्हणून विंधणारा दोन्ही बाजूंनी अतिशय बारीक वेज पाडून ते मध्यावर मिळवी. त्या सुईएवढ्या वाटेत त्याच्या हाताचा सारा संयम आजही शाबूत आहे. जपानमध्ये मिकिमोतो यांनी १८९३ साली अर्धगोल मोती संवर्धित केला आणि १९२० च्या दशकात संवर्धित गोल मोती जगाच्या बाजारात उतरले. क्ष-किरणांखाली त्यांच्या पोटातला घडवलेला मणी दिसतो. आपल्या नथीच्या मोत्यात मात्र मध्यापासून काठापर्यंत वलयांमागून वलये उमटतात.

मग माणिक. त्याच्या लालीत हलकेच उतरले की रुटाइल या खनिजाच्या अतिसूक्ष्म सुया एकमेकींना साठ अंशांत छेदताना दिसतात. रत्नपारखी त्यांना रेशीम म्हणतात, आणि ब्रह्मदेशातल्या मोगोकच्या माणकांत हे रेशीम मोठ्या नजाकतीने विणलेले असते. फ्रेंच रसायनतज्ज्ञ वर्नुई यांनी १९०२ साली ज्वाळेत ॲल्युमिनाची भुकटी वितळवून माणिक घडवण्याची रीत जाहीर केली. त्या माणकात वाढीच्या रेषा वक्र जातात आणि वायूचे बुडबुडे अडकतात. तशी एक वक्र रेषा दिसली, की तो खडा नथीत बहुधा १९०२ नंतर बसला असणार हे ध्यानात येते. एवढीशी रेषा दागिन्याच्या आयुष्याची तारीख सांगून जाते.

पाचूकडे वळताना आपला श्वास आपोआप मंदावतो. त्याच्या हिरवाईत एक इवलीशी पोकळी, पोकळीत द्रव, द्रवात वायूचा बुडबुडा आणि शेजारी मिठाचा घनाकार स्फटिक असे त्रिकूट आढळले, तर मन कोलंबियाच्या डोंगरांकडे धावते. स्पॅनिश गलबतांनी तिथून नेलेले पाचू सोळाव्या-सतराव्या शतकांत पोर्तुगीजांच्या गोव्यातून हिंदुस्थानच्या दरबारांत पोहोचत होते. म्हणजे आखाताचा समुद्र, ब्रह्मदेशाची दरी आणि दक्षिण अमेरिकेचा डोंगर हे सारे सोन्याच्या एका तारेवर, नाकपुडीशी डुलण्याइतक्या जागेत एकत्र नांदू शकतात!

आता नथ उलटी करू, कारण खरा कारागीर मागच्या बाजूला भेटतो. तारेचे पीळ एकसारखे नाहीत. एका ठिकाणी सोने किंचित उजळ आहे, तिथे कुणीतरी तुटलेली तार बदलून मोती पुन्हा गाठवले आहेत. माणकाची कठिणता मोसच्या मापाने ९, मोत्याची जेमतेम ४. म्हणून पिढ्या उलटल्या तरी माणकाचे पैलू तसेच राहतात, आणि मोती मात्र शेजारच्या मोत्याला घासून, घामातल्या आम्लाने थोडाथोडा झिजत जातो. ओठांच्या बाजूचा हा मोती जरासा चपटला आहे. ज्या नववधूंनी, आज्यांनी, पणज्यांनी सणासुदीला ही नथ घातली, त्यांची नावे कुठे लिहिलेली नसतील. पण त्यांचे लेणे होऊन राहिल्याची खूण मोत्याने अंगावर जपली आहे. पारख्याच्या विद्येतला परमानंद हाच, की जिथे इतरांना झीज दिसते तिथे त्याला जगणे वाचता येते.

तेव्हा वाचकहो, आपल्या घरच्या डबीत अशी नथ असेल तर ती नव्यासारखी दिसावी म्हणून तिच्यातले मोती बदलू नका, तिला रसायनात बुडवू नका. अत्तर आधी लावा, नथ मागाहून घाला, आणि काढल्यावर मऊ सुती कापडाने पुसून ठेवा. मोडीत घालण्याचा विचार मनात आलाच, तर त्याआधी एकदा जाणत्या रत्नपारख्याला दाखवा. सोने पुन्हा घडवता येते, पण जुन्या हातांनी विंधलेला आणि पिढ्यांनी ल्यालेला मोती पुन्हा घडवता येत नाही.