उसना शोक, उसने ढोल

व्हेनिशियन स्नेअर्स हे नाव एखाद्या बँडचे वाटते. प्रत्यक्षात तो एकच माणूस आहे, कॅनडातल्या विनिपेगचा आरन फंक. 2005 साली प्लॅनेट म्यू या ब्रिटिश कंपनीने त्याचा जो अल्बम काढला, त्याचे नाव हंगेरियन आहे : 'रॉस चिल्लग अलत्त स्युलेतेत्त', म्हणजे वाईट ताऱ्याखाली जन्मलेला. मराठीत आपण 'ग्रहच वाकडे' म्हणतो, त्यातला प्रकार. आतल्या अकराही रचनांची शीर्षके हंगेरियन आहेत. ब्रेककोर हा शब्दही ज्यांनी ऐकलेला नाही, असे पुष्कळ लोक हा अल्बम ऐकत आले आहेत. म्हणून या संगीताविषयीचा मूळ प्रश्न याच अल्बमवर घासून पाहावा असे वाटते. इतक्या वेगवान, इतक्या कर्कश ढोलांना शोक करता येतो का? आणि येत असेल, तर तो कोणाच्या जिवावर?

या संगीताचे घराणे आधी सांगितले पाहिजे. ड्रम अँड बेस हा नव्वदच्या दशकातल्या लंडनचा प्रकार. ढोल मिनिटाला एकशे सत्तरच्या आसपास ठोके घेऊन धावतात आणि खालचा बेस बहुधा त्याच्या निम्म्या गतीने सरकतो. बरोबरीची लय आणि दुगुन एकाच वेळी कानावर पडावी, तशी ही रचना. दशकाच्या उत्तरार्धात यातून नाच आणि उल्हास हळूहळू गळत गेला. नो यू-टर्न कंपनीचा 'टॉर्क' (1997), एड रश आणि ऑप्टिकल या जोडीचा 'वर्महोल' (1998), जर्मनीच्या पॅनेशियाचा 'लो प्रोफाइल डार्कनेस' (1997) हे अल्बम आज ऐकले तरी अंगावर येतात. त्यांतला अंधार रिकाम्या कारखान्यातला आहे. बेस गुरगुरतो, पत्रा वाजल्यासारखे ठोके पडतात आणि माणसाचा मागमूस नसतो. 'वर्महोल'ची ताकद त्याच्या संयमात आहे. तिथे एक धमकी मिनिटेच्या मिनिटे लांबवलेली असते. मात्र त्या अंधाराला कारण नाही. कोणाचे काय गमावले, हे ते संगीत सांगत नाही आणि त्याला ते सांगायचेही नाही.

ब्रेककोरने हा संयम मोडला. बर्लिनच्या अ‍ॅलेक एम्पायरचा 'द डिस्ट्रॉयर' (1996) या वाटेवरचा सुरुवातीचा टप्पा. इथे ढोलांचा एक तुकडा घेऊन त्याचे ठोके सुटे केले जातात, त्यांची जागा बदलली जाते, एकच ठोका इतक्या जलद पुन्हा वाजवला जातो की त्याचा सूरच होतो. फंक हे काम ज्या ट्रॅकर नावाच्या सॉफ्टवेअरवर करत आला, त्यात संगीत आडवे वाहत नाही; आकड्यांच्या ओळी वरून खाली उतरत जातात. ठोका वाजवण्यापेक्षा तो लिहिण्याच्या जवळ जाणारी ही रीत आहे.

या प्रकारात भडकपणाचा मोह मोठा. स्वतः फंकचा 2001 सालचा 'डॉल डॉल डॉल' लहान मुलांवरच्या भीषण गुन्ह्यांभोवती रचलेला आहे. त्यातली कारागिरी थक्क करते, पण ऐकणाऱ्याला शिसारी आणून दाखवणे यापलीकडे तो फारसा जात नाही. चार वर्षांनी आलेला हंगेरियन अल्बम त्याच हातांचा असूनही वेगळ्या जागी उभा आहे. बुडापेस्टच्या राजवाड्यावरची कबुतरे पाहून आपणच त्यांतले एक आहोत, ही कल्पना त्याच्या मुळाशी आहे. 'गलम्ब एद्येद्युल' म्हणजे एकटे कबुतर. त्याच्या पाठोपाठ येते 'माशोदिक गलम्ब', दुसरे कबुतर. भोवती व्हायोलिन आणि चेलोची दाट वस्ती आहे. बार्तोकच्या आणि इतर रचनाकारांच्या संगीतातले तुकडे त्यात मिसळले आहेत. 'हिसेकेन्य' (भाबडा) यासारख्या रचनेत तर ढोल मागेच राहतात.

अल्बमचा कळस 'समार मदार' हा आहे. शब्दशः अर्थ गाढव पक्षी. एल्गरच्या चेलो कन्चेर्तोतला एक तुकडा पुन्हा पुन्हा येत राहतो. पहिले महायुद्ध संपल्यावर, 1919 साली, एल्गरने लिहिलेली ही रचना मुळातच सरत्या काळाचा निरोप घेणारी मानली जाते. फंक तिला सात मात्रांत बसवतो. पाश्चात्त्य नाचाच्या संगीतात चारांचे राज्य असते, त्यामुळे तिथल्या कानांना हे सात लंगडे वाटतात. रूपक ऐकत वाढलेल्या कानाला तसे वाटायचे कारण नाही. ती ती ना, धी ना, धी ना : रूपकात सम आणि खाली एकाच मात्रेवर येतात, म्हणजे जिथे वजन पडावे तिथेच पोकळी असते. 'समार मदार'मध्ये काहीसे तसेच घडते. तंतुवाद्ये बराच वेळ एकटीच फिरत राहतात, सातव्या मात्रेनंतर दर वेळी पाय टेकायला जागा कमी पडल्यासारखे वाटते, आणि ढोल कोसळतात ते त्याच पोकळीत. तोवर चेलो जे आवरून म्हणत होता, ते आता आवरत नाही. या संगीताला शोक करता येतो, याचा माझ्यापुरता पुरावा हा. वेग इथे आक्रोशाचे काम करतो आणि मोजदाद मात्र एका मात्रेचीही चुकत नाही.

'ओन्द्यिल्कोश वशारनप'बद्दल तितकी खात्री देता येत नाही. रेझ्यो शेरेशने 1933 साली चाल बांधलेले आणि लास्लो यावोरने शब्द दिलेले 'उदास रविवार' हे ते हंगेरियन गाणे. ते ऐकून लोक जीव देतात ही आख्यायिका त्याला आजवर चिकटलेली आहे. ती कधी सिद्ध झालेली नाही. ज्यू असलेल्या शेरेशने महायुद्धात श्रमछावणी भोगली आणि 1968 मध्ये बुडापेस्टमध्येच स्वतःचे आयुष्य संपवले. गाणे जगभर पोचले ते इंग्रजीत, बिली हॉलिडेच्या 1941 च्या गायनातून. फंकने तोच आवाज घेतला आहे. म्हणजे शीर्षक हंगेरियन, शब्द इंग्रजी, गळा एका कृष्णवर्णीय अमेरिकन बाईचा आणि ढोल विनिपेगच्या संगणकावर कापलेले. भाषांतराच्या इतक्या पायऱ्या उतरून आलेले दुःख कोणाचे म्हणायचे? 'समार मदार'मध्ये ढोल चेलोला उत्तर देतात. इथे ते आवाजाच्या कडेने धावत राहतात. हॉलिडेचा गळा सगळे काम आधीच करून बसलेला आहे आणि फंकने त्या गळ्यापुढे फक्त मान झुकवली आहे.

या अल्बमवरचा आक्षेप इथूनच निघतो. व्हायोलिन वाजले की डोळे भरून यायची सवय सिनेमाने आपल्याला लावली आहे, आणि हा अल्बम त्या सवयीचा फायदा घेतो. परक्या भाषेतली शीर्षके गूढतेचा मुलामा देतात. ज्याला हंगेरियन येते त्याला 'अपयश', 'अभागी', 'पहाट' ही नावे साधी, कदाचित थोडी बाळबोधही वाटतील. आक्षेप खरा आहे. तरी त्याला एक उत्तर बार्तोकच देतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो आणि कोदाय फोनोग्राफ घेऊन गावोगाव फिरले, शेतकऱ्यांची गाणी मेणाच्या नळकांड्यांवर उतरवून घेतली आणि त्यातून बार्तोकचे स्वतःचे संगीत घडले. ज्याने इतरांचे सूर यंत्रात भरून नवे काही केले, त्याचेच सूर शंभरेक वर्षांनी कोणी यंत्रात भरले, तर परंपरा मोडली असे म्हणता येणार नाही.

मोठी उधारी मात्र तंतुवाद्यांची नाहीच, ती ढोलांची आहे. ब्रेककोरचा आणि ड्रम अँड बेसचाही कणा म्हणजे 'आमेन, ब्रदर' या गाण्यातला सुमारे सात सेकंदांचा तुकडा. वॉशिंग्टनच्या द विन्स्टन्स या बँडने ते 1969 साली तबकडीच्या मागच्या बाजूसाठी वाजवले. त्या चार आवर्तनांत बाकीचे थांबतात आणि ग्रेगरी कोलमन एकटा ढोल वाजवतो. हजारो रचना त्या तुकड्यावर उभ्या राहिल्या. कोलमनला त्याचा एक पैसा मिळाला नाही. 2006 साली अटलांटामध्ये तो वारला तेव्हा त्याला घर नव्हते. 2015 मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढून बँडप्रमुख रिचर्ड स्पेन्सरला सुमारे 24 हजार पौंड दिले. कोलमनसाठी तोवर उशीर झाला होता.

एल्गर आणि बार्तोक कानाला ओळखू येतात, हॉलिडेचा आवाज पहिल्या श्वासाला कळतो. दुःखाचे मानकरी म्हणून त्यांची नावे प्रत्येक परीक्षणात येतात. कोलमनचे ठोके इतके बारीक कापलेले असतात की ते कोणाचे हा प्रश्नच मनात येत नाही. या अल्बमची शेवटची रचना आहे 'शेन्की दला', म्हणजे कोणाचेच नसलेले गाणे. एका फंकला आरोपी करण्यात अर्थ नाही. चूक सगळ्या घराण्याची आहे आणि ऐकणाऱ्यांचीही. पण वाईट ताऱ्याखाली जन्मलेल्यांविषयी बोलणाऱ्या या अल्बममध्ये सगळ्यात वाईट तारा ज्याच्या वाट्याला आला तो माणूस ठोक्याठोक्यात हजर आहे आणि त्याच्या नावाचा उच्चारही नाही.

एवढे मान्य करूनही 'समार मदार' मी या प्रकारातल्या मोजक्या थोर रचनांत धरतो. ती ऐकताना आता दोन शोक ऐकू येतात : चेलोने उघड केलेला एक, आणि ढोलांत चुरा होऊन पडलेला दुसरा. पहिल्यावर फंकची सही आहे. दुसरा ओळखणे आपल्याकडे आले आहे.