पात्राचा तळ

संग्रह करणे हा सामान्यतः छंद समजला जातो. कोणी पोस्टाची तिकिटे जमवितो, कोणी जुनी नाणी. निवृत्तीनंतर वेळ बरा जातो, एवढेच त्याचे प्रयोजन मानले जाते. आमच्या मते संग्रह हा समीक्षेचाच एक प्रकार आहे. समीक्षक जे शब्दांनी करतो ते संग्राहक हातांनी करतो. तो निवडतो, नाकारतो, एका वस्तूशेजारी दुसरी ठेवतो, एकीला प्रकाशात आणतो आणि दुसरीला मागच्या रांगेत लोटतो. घरातील फडताळ म्हणजे त्या गृहस्थाने न लिहिलेला अभिप्राय होय. म्हणून ग्रंथाचे परीक्षण करावे तसे फडताळाचेही करता येते. प्रस्तुत लेखात जुन्या अमेरिकन मृत्पात्रांच्या घरगुती संग्रहाचे असे परीक्षण करण्याचे आम्ही योजिले आहे.

आपल्यापैकी अनेक कुटुंबांतील मुले आज अमेरिकेत स्थिरावली आहेत. तेथील शेजाऱ्यांच्या दिवाणखान्यात काचेच्या दारांआड मांडलेल्या फुलदाण्या, कुंड्या, बरण्या व रंगीत ताटल्या त्यांनी पाहिल्या असतील. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील ही पात्रे तेथे मोठ्या आवडीने जमविली जातात. त्यांच्या सौंदर्याविषयी आमचा वाद नाही. वाद आहे तो ती कशी पाहिली जातात याविषयी. फडताळात पात्राचे मुख पाहुण्याकडे असते आणि तळ लाकडाकडे. पण या पात्रांच्या बाबतीत महत्त्वाचा मजकूर तळावर लिहिलेला असतो.

या परंपरेतील सर्वांत प्रतिष्ठित नाव रूकवुडचे. १८७६ साली अमेरिकन स्वातंत्र्याच्या शताब्दीनिमित्त फिलाडेल्फिया येथे मोठे प्रदर्शन भरले होते. तेथील जपानी पात्रांनी सिनसिनाटी शहरातील मारिया लाँगवर्थ निकल्स या धनिक घराण्यातील स्त्रीच्या मनाचा ठाव घेतला. १८८० साली, वडिलांनी घेऊन दिलेल्या एका जुन्या शाळेच्या इमारतीत तिने रूकवुडची भट्टी पेटविली. १८८७ साली काटारो शिरायामादानी हा जपानी चित्रकार तेथे दाखल झाला, आणि १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात या कारखान्याला सुवर्णपदक मिळाले. मधासारख्या गडद झिलईखाली उमललेली फुले व पाने हे त्या काळातील रूकवुडचे वैशिष्ट्य. झिलईला जणू खोली आहे आणि फूल तिच्या तळाशी बुडालेले आहे, असा भास होतो.

पण हे पात्र उलटे करून पाहावे. १८८६ पासून तेथे ‘आर’ व ‘पी’ ही अक्षरे पाठीला पाठ लावून कोरलेली दिसतात. पुढे दर वर्षी त्यांच्याभोवती एक एक ज्वाला वाढत गेली. १९०० साली चौदा ज्वाला झाल्या, आणि त्यानंतर वर्षासाठी रोमन अंक आला. शेजारी आकाराचा क्रमांक असतो आणि चित्र काढणाऱ्या कलावंताची आद्याक्षरे असतात. एखाद्या ग्रंथाच्या नामपृष्ठाइतका हा तळ बोलका आहे. मात्र त्यात एक उणीव आहे. फूल कोणी रंगविले ते कळते. चाकावर मातीचा गोळा ठेवून ते पात्र कोणी उठविले ते बहुधा कळत नाही. चित्रकाराला नाव आहे, कुंभाराला नाही. कलेच्या जगात उच्च-नीच भाव कसा शिरतो याचा हा एक पुरावाच म्हणावा लागेल.

या दृष्टीने न्यूकम पात्रांचा तळ अधिक न्यायी आहे. न्यू ऑर्लिन्स येथील न्यूकम महिला महाविद्यालयाने १८९५ साली हा उपक्रम सुरू केला. कलाशिक्षण घेतलेल्या तरुणींना सन्मानाने काम मिळावे हा त्यामागील हेतू होता. त्या काळच्या समजुतीनुसार चाकाचे काम मुलींना झेपणारे नव्हते. ते जोसेफ मेयर नावाचा कुंभार करी आणि मुली त्यावर कोरीवकाम व रंगकाम करीत. परंतु तळावर मुलीची खूण आणि मेयरची खूण अशा दोन्ही खुणा येत. दोन हातांनी केलेल्या कामावर दोन नावे असावीत, ही साधी नीती तेथे पाळली गेली.

न्यूकमच्या कलेविषयी मात्र आमचा एक आक्षेप आहे. पुढील काळात तेथील निळ्या-हिरव्या पात्रांवर लोंबत्या शेवाळाने झाकलेले ओक वृक्ष आणि त्यांमागे चंद्र हे दृश्य इतक्या वेळा आले की, त्याचा साचा बनला. ग्राहक तेच मागत आणि कलावंतीण तेच देई. दृश्य मोहक आहे यात शंका नाही. पण तो प्रदेश शतकानुशतके ज्यांच्या घामावर पिकला, त्या माणसांपैकी एकही त्या चांदण्यात दिसत नाही. निसर्गवर्णनाच्या आड माणूस नाहीसा करण्याची सोय मराठी काव्यालाही अपरिचित नाही. म्हणून हा दोष आपल्याला चटकन ओळखता यावा.

याच मेयरने एका विलक्षण शिष्याला चाक शिकविले होते. मिसिसिपी राज्यातील बिलॉक्सी गावचा जॉर्ज ओर हा तो शिष्य. लोकांनी त्याला ‘वेडा कुंभार’ ठरविले आणि त्यानेही ती पदवी मिरविली. अंड्याच्या कवचाइतकी पातळ भिंत उठवावी आणि मग ओल्या मातीतच ती मुरगळावी, चुण्या पाडाव्यात, मध्येच दाबून टाकावी, अशी त्याची रीत होती. १८९४ साली गावात लागलेल्या आगीत त्याची कर्मशाळा भस्मसात झाली. त्या राखेतून निघालेली काळवंडलेली पात्रे त्याने टाकून दिली नाहीत. ती त्याची जळालेली लेकरे होती. १९१० च्या सुमारास त्याने काम थांबविले आणि हजारो पात्रे खोक्यांत भरून ठेवली. १९१८ साली तो निवर्तला. खोकी मुलांच्या मोटारदुरुस्तीच्या जागेत पडून राहिली, आणि १९७० च्या सुमारास न्यू जर्सीच्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने तो साठा विकत घेतला. त्यानंतरच जगाला ओरची ओळख पटली. आज बिलॉक्सीत त्याच्या नावाचे संग्रहालय आहे.

ओरची पात्रे म्हणजे संग्राहकांच्या नेहमीच्या निकषांची कसोटीच होय. बाजाराचा पहिला प्रश्न असतो, ‘टवका गेला आहे का? चीर आहे का?’ आपल्याकडे बाया मडके घेताना टिचकी मारून नाद ऐकतात, तसे तेथील संग्राहकही काठावर बोट वाजवून चीर शोधतात. ही परीक्षा वापराच्या भांड्यासाठी योग्यच आहे. पण ज्याने मुद्दामच पात्र मोडले, त्याच्यापुढे ‘निर्दोष’ या शब्दाचा अर्थ काय? ओरने उत्तरकाळात अनेक पात्रे झिलईशिवाय, नुसती भाजून ठेवली. त्यांतील काहींवर पुढे कोणीतरी नवी झिलई चढवून ती अधिक भावाने विकली. कवीने जाणूनबुजून सोडलेली ओळ प्रकाशकाने भरून काढावी, तसलाच हा प्रकार. खरेदीदाराला चकाकी हवी होती म्हणून निर्मात्याचा शब्द पुसला गेला.

आता मधल्या फळीकडे वळू. येथे ओहायो राज्यातील कारखान्यांचा माल असतो. झेन्सव्हिलच्या परिसरात चिकणमाती आणि इंधन दोन्ही मुबलक होते. म्हणून रोझव्हिल, वेलर, मकॉय अशी नावे त्याच पट्ट्यात उदयास आली. ही पात्रे बहुतांशी चाकावरची नव्हेत. प्लास्टरच्या साच्यात पातळ केलेली माती ओततात. प्लास्टर पाणी शोषून घेते, कडेला मातीचा थर धरतो, उरलेली माती ओतून देतात. रोझव्हिलची ‘पाइन कोन’ ही मालिका १९३० च्या दशकातील आर्थिक मंदीच्या काळात लोकप्रिय झाली. पाइन वृक्षाचे फळ, सुयांसारखी पाने आणि फांदीचाच झालेला कान अशी तिची रचना आहे. रसिक मंडळी साच्यातील मालाला कमी लेखतात. आम्हाला ते मान्य नाही. साधारण मिळकतीच्या घरातही एक सुबक फुलदाणी असावी, ही आकांक्षा साच्यानेच पुरी केली. सजावटीत अनुकरण पुष्कळ आहे. पण फांदीचा कान धरायला हात आपोआप पुढे होतो, आणि भांड्याच्या कलेत हा गुण लहान नव्हे.

रोझव्हिलचा कारखाना १९५४ साली बंद पडला. १९९० च्या दशकात या मालाचे भाव चढले, आणि चीनमध्ये तयार झालेल्या नकला अमेरिकन बाजारात आल्या. ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ अशी गत झाली. नंतरच्या काळातील अस्सल पात्रांच्या तळावर कारखान्याच्या नावाबरोबर ‘यू. एस. ए.’ ही अक्षरे असतात. नकलांवर ती बहुधा नसतात किंवा पुसट असतात. पुढे सामान्य रोझव्हिल पात्रांचे भाव उतरलेही. पात्र तेच, झिलई तीच. बदलला तो भाव. ज्यांनी केवळ भाव पाहून फडताळ भरले होते, त्यांच्या फडताळात उतरलेल्या भावानंतर काय उरले, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

तिसरी फळी ताटल्यांची. १९३६ साली वेस्ट व्हर्जिनियातील होमर लाफलिन कंपनीने ‘फिएस्टा’ नावाची भांडी बाजारात आणली. फ्रेडरिक ऱ्हेड या इंग्लंडमध्ये जन्मलेल्या कलावंताने त्यांना वर्तुळात वर्तुळ असे साधे रूप दिले. लाल, निळा, हिरवा, पिवळा आणि हस्तिदंती या रंगांतील ताटल्या हव्या तशा एकत्र मांडाव्यात, ही कल्पना घरोघरी आवडली. त्यांतील नारिंगी झाक असलेला लाल रंग युरेनियमपासून होई. युद्धकाळात सरकारने युरेनियम ताब्यात घेतले आणि १९४३ साली तो रंग थांबला. १९५९ साली तो परतला आणि १९७० च्या दशकाच्या आरंभी पुन्हा गेला. ती जुनी लाल भांडी खाण्यापिण्यासाठी वापरू नयेत, असा अमेरिकन पर्यावरण संस्थेचा सल्ला आहे. म्हणजे काचेआडच शोभावे असे एक भांडे खरोखरच आहे! इतर पात्रांना मात्र ही सबब लागू पडत नाही.

मग मांडणी कशी असावी? पहिला दोष गर्दीचा. पन्नास पात्रे एका फळीवर कोंबली की दुकान होते. दुसरा दोष केवळ रंगाने जुळविण्याचा. हिरव्याशेजारी हिरवे ठेवले की डोळा सुखावतो, पण कोणाचे कोणाशी नाते आहे ते कळत नाही. मेयरच्या हातचे न्यूकम पात्र आणि त्याच्या शिष्याचे ओर पात्र शेजारी ठेवले, तर गुरुशिष्यांतील जिव्हाळा आणि बंड दोन्ही एका नजरेत दिसतील. जुन्या झिलईवर केसासारख्या चिरांचे जाळे असते. भट्टीतून निघाल्यावर माती व झिलई सारख्या प्रमाणात आकसली नाहीत म्हणून ते पडते. त्याला डाग समजून पात्र मागे ढकलू नये. मात्र त्यात पाणी झिरपते, तेव्हा फुले ठेवायची तर आत काचेचा पेला ठेवावा. पात्रे फुटण्याचे भय खरे आहे. भूकंपाच्या प्रदेशात, कॅलिफोर्नियात, संग्राहक तळाला मऊ मेण लावून पात्र फळीला चिकटवितात. तेथे ते योग्यच आहे. पण एरवी कपाटाचे दार उघडावे, पात्र पाहुण्याच्या हाती द्यावे, उलटे करून दाखवावे आणि खुणा वाचून दाखवाव्यात.

आम्ही नावाचा एवढा आग्रह का धरतो, हे एका जुन्या रांजणावरून स्पष्ट होईल. दक्षिण कॅरोलायना राज्यातील एजफील्ड भागात एकोणिसाव्या शतकात डेव्ह नावाचा गुलाम कुंभार होता. पुढे तो डेव्हिड ड्रेक या नावाने ओळखला गेला. गुलामांना लिहावाचायला शिकविण्यास १८३४ च्या कायद्याने त्या राज्यात बंदी झाली. त्यानंतरही डेव्ह ओल्या रांजणाच्या खांद्यावर, सर्वांना दिसेल अशा जागी, आपले नाव, तारीख आणि कधी दोन ओळींचे पद्य कोरीत राहिला. १८५९ सालचा त्याचा एक प्रचंड रांजण चार्ल्स्टनच्या संग्रहालयात आहे. त्यात सुमारे दीडशे लिटर मावतील. एवढा रांजण एकट्याच्या हातून उठणे कठीण. म्हणून त्यावर दोन नावे आहेत : डेव्ह आणि त्याचा साथीदार बॅडलर. ज्याच्या स्वतःच्या देहावर दुसऱ्याची मालकी होती, तो माणूस सोबत्याचे नाव लिहायला विसरला नाही. २०२१ साली डेव्हचा १८५८ सालचा एक रांजण साडेपंधरा लाख डॉलरांहून अधिक किंमतीला विकला गेला. ज्या समाजाने एकेकाळी त्या कुंभाराचीच किंमत ठरविली होती, त्याच समाजात आज त्याच्या अक्षरांची किंमत होत आहे.

डेव्हच्या रांजणाजवळ उभे राहून पाहिले म्हणजे आमच्या परीक्षणाचा निकष हाती येतो. संग्रह किती मोठा, किती महाग, किती अखंड, हे प्रश्न गौण आहेत. त्या फडताळासमोर दहा मिनिटे उभे राहिल्यावर पाहुण्याला मेयर कोण, शिरायामादानी कोण हे समजते काय? साच्यात माती ओतणाऱ्या अनाम कामगारांची आठवण तेथे कोणी काढतो काय? काढत असेल, तर एका फळीचा आणि चार टवके गेलेल्या पात्रांचा संग्रहही आम्ही उत्तम म्हणू. काढत नसेल, तर त्या भिंतीला शोभा आली आहे, एवढेच म्हणता येईल.